बंबवाल्याचा शेवटचा मजला

आमच्या घरमालकांना घरातून बाहेर पडणं एका दमात कधी जमलं नाही. चपला घालून ते फाटकापर्यंत जात आणि गॅस बंद आहे का ते बघायला परत येत. मग गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जात आणि पुन्हा परत येत, कारण मघाशी आपण गॅसकडे नीट बघितलं की नुसतंच बघितलं, याची खात्री नसे. शेवटी ओट्यावर बसलेल्या आक्का, म्हणजे त्यांची थोरली बहीण, ओरडत, "बाला, मी घरानच हाय ना रं! जा आता, नायतर मच्छी संपंल!" मग ते जात. साठीला टेकलेल्या माणसाला कुणी 'बाला' म्हणतं, हे मी तिथेच पहिल्यांदा ऐकलं.

दातांची डॉक्टर होऊन मी नुकतीच कळंबोलीच्या एका दवाखान्यात लागले होते आणि जुन्या पनवेलला, तळ्यामागच्या गल्लीत, खोली बघायला गेले होते. भाडं, डिपॉझिट, शाकाहारी की मांसाहारी, असल्या प्रश्नांची तयारी करून गेले होते. घरमालकांनी, म्हणजे काकांनी, त्यातलं काहीच विचारलं नाही. दातांची डॉक्टर म्हटल्यावर म्हणाले, "हात पुढे करा बघू."

मला वाटलं, हात बघून भविष्य सांगणार. पण त्यांनी तळवे पाहिलेच नाहीत. बोटं सरळ ताणायला सांगितली आणि बराच वेळ टोकांकडे बघत राहिले. त्यांचे स्वतःचे हात मात्र सारखे थरथरत होते. चहाची बशी ठेवली तरी किणकिण वाजायची. जन्मापासूनचं दुखणं, वयाबरोबर वाढलेलं.

"सामान कधी आणताय?" त्यांनी विचारलं.

त्या हात बघण्याचा अर्थ मला पुढे कळला. खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला एक खोली होती. तिला दोन कुलपं, आत एक पंखा, एक इन्व्हर्टर आणि ओल शोषून घेणाऱ्या दाण्यांच्या पुड्या जागोजागी. मध्ये टेबलावर दोन टीव्ही शेजारी शेजारी. डाव्या टीव्हीला एक मोठा हिरवा सर्किट बोर्ड जोडलेला, आणि उजव्याला आपण लहानपणी सगळ्यांनी खेळलेला तो करडा टीव्ही गेम, वरून कॅसेट खुपसायचा.

काकांनी कधीकाळी एस्टी स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं पार्लर चालवलं होतं. जासईकडची घरची भातशेती कंटेनर यार्डात गेली आणि वाट्याला आलेल्या पैशातून मशिनं आली. मग लोकांच्या हातात मोबाइल आले आणि पार्लर बंद पडलं. बाकीची मशिनं कळंबोलीच्या लोखंड बाजारात भंगारात गेली. एकाच मशिनचा बोर्ड त्यांनी काढून घरी आणला. त्या गेमचं खरं नाव परक्या लिपीत होतं, कुणाला वाचता आलं नाही. पोरं त्याला 'बंबवाला' म्हणायची.

एक सोळा मजली इमारत पेटलेली असते. खाली आगीचा बंब उभा. बंबवाला पाइप घेऊन वर चढतो, खिडक्यांतल्या माणसांना खाली आणतो, आणि आग त्याच्या पाठोपाठ वर येत राहते. एवढाच खेळ. काका वर्षानुवर्षं तो टीव्ही गेमच्या कॅसेटमध्ये उतरवत होते. दोन साधे गेम त्यांनी आधी असे उतरवले होते आणि जगभरातल्या काही छांदिष्ट लोकांनी ते मागवून घेतले होते. बंबवाल्याचं मात्र संपत नव्हतं.

"पण कशासाठी, काका?" मी एकदा विचारलं.

"मशीन काय घरोघर जाणार? कॅसेट जाते."

अडचण अशी होती की पार्लरचं मशीन ताकदीचं आणि टीव्ही गेम किरकोळ. पाचव्या मजल्यावर एका ओळीत नऊ खिडक्या आणि नऊ माणसं. टीव्ही गेमला एका ओळीत आठच चित्रं पेलतात. नववं दिसेनासंच होतं. मी वर जायला जिना चढू लागले की काका दारात येत. "डॉक्टर, एक मिनिट. नववीचं काय करू?" नववी म्हणजे उजव्या टोकाच्या खिडकीतली, हात हलवणारी बाई. "एकजण काढून टाका," मी म्हटलं. ते इतके दुखावले की दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "आग लागलीय तिथं," मग म्हणाले, "आणि कुणाला सांगू, तुम्ही नका येऊ?"

त्या छांदिष्टांचे संदेश ते मला वाचून दाखवत. लोकांना ते वीस-बावीस वर्षांचा मुलगा वाटत. एकाने त्यांच्या जुन्या गेमबद्दल नुसतं 'छान.' असं लिहिलं होतं. "पुढे टिंब का दिलं असेल?" काका म्हणाले. "छान लिहून माणूस टिंब देतो का? आवडलं नसेल." आक्का भाकरी थापता थापता आतून म्हणाल्या, "टिंब नाय दिलां असतां तर बोलला असतास, टिंब का नाय दिलां."

काकांसोबत राहिलं की काळजी अंगाला चिकटते. मीही रात्री नळ दोनदा बघायला लागले. त्यात माझं दवाखान्यातलं पहिलं वर्ष. ट्रेलर चालवणाऱ्या माणसांचे गुटख्याने कडक झालेले जबडे, नीट न उघडणारी तोंडं. एकदा दाढ काढताना मूळ तुटून आत राहिलं आणि मोठ्या डॉक्टरांना येऊन ते काढावं लागलं. असं होतं, सगळ्यांचं होतं, ते म्हणाले. पण त्यानंतर आठवडाभर सिरिंज हातात घेतली की सुईचं टोक हलताना दिसायचं. मी हे घरी कुणाला सांगितलं नाही. काकांना मात्र जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं, कारण त्यांच्यासारख्या माणसाला काळजीचं सांगायला लाज वाटत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, धीर वगैरे काही दिला नाही. "कुठला हात?" एवढंच विचारलं.

त्यांची सगळ्यात मोठी काळजी त्या बोर्डावरची बॅटरी होती. घड्याळात असते त्याहून थोडी मोठी. बनवणाऱ्यांनी गेम चोरला जाऊ नये म्हणून तो कुलूपबंद केला होता, आणि त्याची किल्ली एका चिपमध्ये होती, जी केवळ त्या बॅटरीवर जिवंत राहायची. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाणार. मग बोर्ड चालू होईल, पण पडद्यावर काहीच उमटणार नाही. या गेमची नक्कल कुणाकडेच नव्हती, काकांनी जगभर विचारून पाहिलं होतं. रोज सकाळी चहाच्या आधी ते मीटरने बॅटरी मोजत. तो आकडा पाहिल्यावरच दिवस कसा जाणार ते ठरे. लग्नांना ते जात नसत, गावच्या जत्रेलाही नाही. "मी नसताना उतरला तर?" म्हणत.

बॅटरी बदलता येत होती. जुनी काढायच्या आधी नवी तिच्या जोडीला सोल्डर करायची, म्हणजे वितळलेल्या कथलाने जोडायची. पण पायांमधलं अंतर तांदळाच्या दाण्याएवढं, आणि सोल्डरिंग गनचं टोक जरा चुकीच्या जागी टेकलं की किल्ली गेली. काकांच्या हातांनी ते शक्य नव्हतं. बाजारातल्या दुरुस्तीवाल्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. माझे हात त्यांनी बघितले होते ते यासाठी.

आणखी एक गोष्ट होती. सोळावा मजला कुणी पाहिलाच नव्हता. पार्लरच्या सगळ्या वर्षांत पोरं पंधराव्यापर्यंत पोचली. खुद्द काका तिथवर दोनदा गेले होते, हात कमी थरथरायचे तेव्हा. वर काय आहे ते न बघता उतरवायचं कसं? म्हणून मला खेळायला बसवलं. दवाखान्यातून आले की तासभर मी बंबवाला. काका पाठीमागे उभे, श्वास रोखून. एकदा मी पंधराव्यावर पोचले. शेवटचा जिना समोर दिसत होता. तळहाताला घाम आला, खेळायचा दांडा निसटला आणि बंबवाला आगीत पडला. काका "हं" म्हणाले आणि गॅस बघून आले.

कधी कधी कळंबोलीहून एक ट्रान्सपोर्टवाले शेठ येत. शाळा बुडवून पार्लरमध्ये पडून असणाऱ्यांतले ते अव्वल खेळाडू, आता ट्रेलरचे मालक. काकांना अजून 'मालक' म्हणत. पोट टेबलाला लागे, तरी खुर्ची ओढून खेळत. "मालक, मी तर शेवटपर्यंत गेलेलो हाय," ते सांगत. काका मला मान हलवून खुणेनेच 'नाही' म्हणत.

मग आकडा भरभर खाली यायला लागला. रविवारी बॅटरी बदलायची असं आम्ही ठरवलं. मी काकांच्या जुन्या, मेलेल्या बोर्डांवर सराव केला. आधी धूर निघायचा, मग जमायला लागलं.

त्या शुक्रवारी आक्का उरण नाक्यावर मासे घ्यायला गेल्या आणि बाजारातल्या ओल्या फरशीवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. मासेवाल्या बायांनीच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि काकांना फोन केला. मी घरीच होते. काका फोन ठेवून एकदाच बाहेर पडले. गॅस बघायला परत आले नाहीत. फाटकाशी थांबून माझ्या हातात दोन किल्ल्या दिल्या. "सकाळी मोजा. मला फोन करा," म्हणाले.

आई लहानपणीच गेल्यामुळे आक्कांनीच त्यांना वाढवलं होतं. शाळेत घातलं, डिप्लोमापर्यंत शिकवलं. स्वतः विधवा होऊन परत आल्या त्या याच घरी. दवाखान्यात काकांखेरीज बसायला कुणी नव्हतं. मी शनिवारी डबा घेऊन गेले तेव्हा ते खाटेजवळच्या स्टुलावर बसून सलाइनचे थेंब बघत होते. आक्का मला बघून म्हणाल्या, "जेवलीस का गो? याला घेऊन जा जरा. माझ्याकडं बघून बघून माझा पाय आनकीन दुखतोय." काका हलले नाहीत. मला बाहेर बोलावून त्यांनी विचारलं, "किती?" मी आकडा सांगितला. त्यांचा चेहरा उतरला. डॉक्टर म्हणाले होते, रक्तदाब आटोक्यात आला तर उद्या सकाळी ऑपरेशन.

रविवारी सकाळी मी खोली उघडली. मीटर लावलं. आकडा आदल्या दिवसापेक्षा बराच खाली होता. मी दोनदा, तीनदा मोजलं. काकांनी ज्या आकड्याला 'त्याच्या खाली नाही' म्हणून सांगून ठेवलं होतं, त्याच्या जेमतेम वर. मी नवी बॅटरी काढली, गन तापत ठेवली आणि फोन लावला.

"काका, आज संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. मी करते. मला आता येतंय."

पलीकडे ट्रॉलीच्या चाकांचा खडखडाट, कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारत होतं.

"हात कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

मी हात समोर धरून बघितले. खोटं बोलवेना. "थोडे थरथरतायत."

"मग गन बंद करा."

"काका, जमेल मला. घाबरून असं होतं, सुरू केलं की थांबतात."

"नको. गन बंद करा, प्लग काढा." ते हळू पण स्पष्ट बोलत होते, असं मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "तुमच्या हातून गेलं तर ते तुमच्या मनात बसेल. उद्या तुम्हाला कुणाच्या तोंडात सुई घालायचीय, डॉक्टर. माझं एक मशीन आहे. तुम्हाला अख्खा जन्म काढायचाय या हातांवर."

"आणि गेलं तर?"

"जाऊ दे." मग लगेच, "आक्काला आत न्यायला आलेत. ठेवतो."

मी प्लग काढला. गनचं टोक थंड होईपर्यंत तिथेच बसून राहिले. स्वतः करून टाकावं असं खूप वाटलं. पण ज्या माणसाने टिंबाचीसुद्धा काळजी केली, त्याने इतक्या शांतपणे 'जाऊ दे' म्हटलं होतं, त्याच्या पलीकडे जायचा धीर झाला नाही. त्याहून खरं म्हणजे मला हायसं वाटलं होतं, आणि त्या हायसं वाटण्याचंच रडू आलं. दुपारी काकांचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं, आक्का शुद्धीवर येऊन चहा मागत होत्या. बॅटरीबद्दल त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आठवड्याने आक्का वॉकर घेऊन, एक पाय ओढत घरी आल्या. त्यांना खाटेवर नीट निजवून काका मागच्या खोलीत गेले. मी दारात उभी राहिले. त्यांनी डावा टीव्ही लावला, बोर्डाचं बटण दाबलं. पडदा पांढरा झाला आणि पांढराच राहिला. मला वाटलं, आता काका कोसळणार. ते उठले, डाव्या टीव्हीची वायर काढली, तो उचलायला मला हात लावायला सांगितला आणि आम्ही दोघांनी तो माळ्यावर ठेवला.

"टेबलावर जागा झाली," ते म्हणाले.

त्यानंतरचे काही महिने मी काकांना वेगळंच पाहिलं. काळज्या गेल्या नव्हत्या. आक्कांच्या गोळ्या ते तीनदा मोजत, वॉकरच्या पायांचे रबर रोज तपासत. पण कामाला बसले की हात चालायचा. समोर ताडून बघायला काही उरलंच नव्हतं. नववी बाई त्यांनी खिडकीतून काढून खालच्या सज्जात उभी केली. ओळ बदलल्यामुळे ती दिसू लागली. "मशिनमध्ये ती खिडकीत होती," मी म्हटलं. "हो," काका म्हणाले, "तिथं धूर फार होता."

कॅसेट तयार झाली तेव्हा मी नाशिकला नव्या नोकरीवर जायच्या तयारीत होते, सामान बांधलं होतं. निघायच्या आदल्या रविवारी शेठ खेळायला आले. आक्का वॉकर भिंतीला टेकवून खुर्चीत बसल्या होत्या. मी जिन्याच्या पायरीवर. काका पाठीमागे, दोन्ही हात बगलेत दाबून.

शेठ खेळत गेले. पाचवा मजला, दहावा. मधे एकदा "मालक, सेम टू सेम!" म्हणाले. चौदाव्यावर दोनदा मेले आणि शिव्या देत पुन्हा बसले. मग पंधरावा. आणि कसं कोण जाणे, त्या दिवशी त्यांचा बंबवाला शेवटचा जिना चढून वर गेला.

सोळाव्या मजल्यावर आग नव्हती. गच्ची होती, निळं आभाळ, पाण्याची टाकी, दोरीवर वाळत घातलेले कपडे. मध्ये खुर्चीवर लाल लुगड्यातली एक बाई बसली होती, पडद्यावर बोटाच्या पेराएवढी. ती हात हलवत नव्हती, ओरडत नव्हती. बंबवाला जवळ आल्यावर ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली. त्याने पुढे केलेला हात तिने धरला नाही. एक पाय जरा ओढत, अंगाला एका बाजूला झोक देत ती स्वतःच जिन्याकडे निघाली आणि बंबवाला तिच्या मागून. ती चाल इतकी खरी होती की मला पुढचं दिसेना. एवढ्याशा चित्राला तसं चालवायला काकांना किती दिवस लागले असतील, ते मी विचारलं नाही.

आक्का पडद्याकडे टक लावून बघत होत्या.

शेठ वळले. "मालक, मशिनमध्ये असंच होतं?"

मी काकांकडे बघितलं. या माणसाने एका टिंबावर आठवडा घालवला होता.

"असंच," काका म्हणाले.

शेठनी मान डोलावली, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "हां," ते सावकाश म्हणाले, "आठवली मना. लंगडायची ती."